घरातलं माणूस दारूत अडकलं असेल तर: जवळच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पिणाऱ्यासाठी लिहिलेलं नाही. त्याची बायको, तिचा नवरा, आईवडील, मुलं, भावंडं, जिवाभावाचे मित्र यांच्यासाठी ते आहे. ही माणसं बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात: "त्याची सुटेल कशी?" त्याबद्दल जे ठामपणे सांगता येतं ते खाली सांगितलं आहे. पण माझा भर त्याच्या मागे दडलेल्या प्रश्नावर आहे. ती सुटेपर्यंत, किंवा कधीच सुटली नाही तर, तुम्ही कसं जगायचं? तुमचं सावरणं त्याच्या सावरण्यावर अवलंबून ठेवू नका, ते आजपासून सुरू होऊ शकतं. खाली कुठे 'तो' आहे, कुठे 'ती'. पिणाऱ्यांत बायकाही असतात, आणि त्यांचं पिणं जास्त लपवलं जातं.

हे व्यसन आहे की नुसतं जरा जास्त पिणं, हे कसं ओळखायचं?

किती पितो यापेक्षा, सुरू केल्यावर थांबता येतं का आणि नुकसान दिसत असूनही पिणं चालूच राहतं का, हे बघा. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, पूर्वी जेवढ्यात चढायची तेवढ्यात आता न चढणं, सकाळी हात थरथरणं, कामात आणि घरात जबाबदाऱ्या सुटत जाणं, जुने छंद बंद पडणं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या नियमावलीत अशा ११ खुणा दिल्या आहेत. १२ महिन्यांच्या काळात त्यातल्या २-३ दिसल्या तर आजार सौम्य, ४-५ दिसल्या तर मध्यम आणि ६ किंवा जास्त दिसल्या तर तीव्र मानतात. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची चाचणीही डॉक्टर वापरतात. तिच्यात ८ किंवा अधिक गुण आले तर पिण्याकडे नीट लक्ष द्यायची वेळ झाली, असं समजतात. ही चाचणी ज्याची त्याने भरायची असते. त्याच्या वतीने तुम्ही भरून त्याच्यापुढे आदळलीत तर फक्त भांडण हाती लागेल.

"मी रोज कामावर जातो, मी कसला बेवडा?" या वाक्यावर घराघरांत वर्षानुवर्षं वाद चालतो. तो तुम्ही जिंकलाच पाहिजे असं नाही. त्याच्या पिण्याने तुम्हाला त्रास होतोय, एवढं कारण तुम्ही मदत मागायला पुरेसं आहे.

"तुझ्या कटकटीमुळेच पितो," असं तो म्हणतो. खरंच माझ्यामुळे?

नाही. दारूच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. उरलेल्यात किती लहान वयात प्यायला सुरुवात झाली, मनावरचे जुने घाव, नैराश्य किंवा चिंतेचा आजार, आजूबाजूची संगत, दारू किती सहज मिळते, अशा कितीतरी गोष्टी येतात. घरातल्या भांडणाने एखाद्या संध्याकाळी प्यायचं निमित्त मिळतं, आजार त्याने होत नाही. भांडण नसलेल्या दिवशीही तो प्यायला होता, हे तुम्हालाही आठवत असेल.

व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या गटांत तीन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हटली जातात: हे मी निर्माण केलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. पहिलं वाक्य ऐकून बरं वाटतं. दुसरं आणि तिसरं पचायला फार वेळ लागतो, कारण आशा आपण त्यांच्यावरच टांगलेली असते.

मनावर घेतलं तर सुटेल ना? मग घेत का नाही?

अनेक जण घेतातही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्या क्षणी बहुधा खरीच असते. पण रोजच्या दारूने मेंदूची घडी बदललेली असते. पिण्याची ओढ, ताण सोसण्याची ताकद आणि 'आता पुरे' म्हणण्याची क्षमता, तिन्हींवर तिचा परिणाम होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्येच याला आजार म्हणून मान्यता दिली. आजार म्हटलं की जबाबदारी संपत नाही. उपचार घ्यायची जबाबदारी त्याचीच राहते. फक्त "त्याचं माझ्यावर प्रेम असतं तर त्याने सोडली असती" हे गणित चुकीचं ठरतं. ते गणित मनातून काढून टाकता आलं तर निम्मी जखम भरायला लागते, असं मला वाटतं.

"आजपासून एकदम बंद कर," असं सांगू का?

तो बरीच वर्षं रोज आणि भरपूर पीत असेल तर असं सांगू नका. आधी डॉक्टरांशी बोला. घरच्यांना हे फार कमी वेळा सांगितलं जातं आणि त्यामुळे माणसं दगावतात.

दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याशी जुळवून घेण्यासाठी स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, घालमेल, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काही जणांना भ्रम होतो: नसलेली माणसं आणि किडे दिसतात, वेळ-काळ कळेनासा होतो, ताप चढतो, छाती धडधडते. ही तातडीची अवस्था आहे आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. दवाखान्यात योग्य औषधं देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत ते कमी पडतं आणि त्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर घरच्या घरी बंद करण्याचा विचारच नको. आणि ठरवून बंद केली नाही तरी हे होतंच. पाय मोडून, कावीळ होऊन किंवा प्रवासात अडकून दारू मिळाली नाही तरी मेंदूच्या लेखी ती बंदच झालेली असते. म्हणून कुठल्याही कारणाने तो दवाखान्यात दाखल झाला तर रोजच्या पिण्याची खरी माहिती डॉक्टरांना द्या. तिथे लाज बाळगू नका.

त्याला न सांगता जेवणातून औषध द्यावं का?

अजिबात नाही, जाहिरात कितीही खात्री देवो.

डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते घेतल्यावर दारू प्यायली की शरीरात एक विषारी घटक साठतो. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत असतं तो त्या धाकाने पीत नाही, आणि हे औषध चालतं ते त्या धाकावर. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार आणि रस्त्यातच कोसळणार. हृदयाचा आजार असेल तर ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. आणि ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तुमच्या हातचा घास तो विश्वासाने खाणार नाही.

ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. डॉक्टरांनी तपासून आणि त्याच्या संमतीने दिली तर ती अनेकांना उपयोगी पडतात.

खूप प्यायलाय, हाक मारूनही उठत नाही. झोपू द्यावं का?

हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग थंडगार पडलं असेल, बेशुद्धीत उलटी होत असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, एकटं सोडू नका. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, जबरदस्तीने उलटी करायला लावणं, यातलं काही करू नका. पोटातली दारू रक्तात उतरतच असते, त्यामुळे पिणं थांबल्यावरही अवस्था बिघडत जाऊ शकते.

त्याच्याशी कधी बोलू? काय बोलू?

प्यायलेला असताना नाही. त्या वेळी बोललेलं त्याच्या लक्षात राहत नाही, तुमच्या मात्र कायमचं राहतं. डोकं ठणकत असलेली सकाळही टाळा. तो शुद्धीत आहे, घाई नाही, मुलं आसपास नाहीत, अशी वेळ निवडा आणि थोडकं बोला.

"तू नेहमीच असं करतोस, सगळ्यांची आयुष्यं नासवलीस," याला उत्तर म्हणून फक्त बचाव येतो. त्याऐवजी एकच प्रसंग, त्याने तुम्हाला काय झालं, आणि एक ठोस विनंती. उदाहरणार्थ: "काल तू नऊला येतो म्हणालास आणि एकला आलास. पोरगी दाराकडे बघत जागी राहिली. मला फार भीती वाटली. मी डॉक्टरांची वेळ घेते, माझ्याबरोबर येशील?" तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. पुन्हा बोलता येतं. एखादा अपघात टळल्यावर, तब्येतीचा झटका बसल्यावर किंवा त्यालाच स्वतःची लाज वाटल्यावर मन थोडं उघडं असतं. अशा क्षणी डॉक्टरांचं किंवा व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आणि नंबर तुमच्याकडे तयार असावा.

आणखी एक गोष्ट बघा. तो प्यायलेला नसतो त्या संध्याकाळी तुमच्या घरात काय होतं? बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी मागचा सगळा हिशेब निघतो, कारण बोलायला माणूस तेव्हाच हाती लागतो. म्हणजे न प्यायल्याची शिक्षा मिळते. त्या संध्याकाळी एकत्र जेवा, फिरायला जा, "आज तू बरोबर आहेस, बरं वाटतंय" एवढं म्हणा. तो प्यायलेला असेल तेव्हा मात्र शांतपणे बाजूला व्हा, आपल्या कामाला लागा. यासाठी मन फार घट्ट करावं लागतं आणि ते रोज जमणार नाही. जमेल त्या दिवशी करा.

तो उपचाराला तयारच नाही. पार तळ गाठल्याशिवाय काही होत नाही म्हणतात, ते खरं?

ही समजूत जुनी आहे आणि तिने फार नुकसान केलंय. तळ म्हणजे काहींसाठी नोकरी जाणं, काहींसाठी मृत्यू. त्याची वाट बघायची गरज नाही.

वर सांगितलेली बोलण्याची आणि वागण्याची पद्धत 'क्राफ्ट' नावाच्या प्रशिक्षणातून आली आहे. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी ती विकसित केली. हे प्रशिक्षण पिणाऱ्याला नाही, घरच्यांना देतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार नाकारणाऱ्या व्यक्तींच्या १३० कुटुंबीयांना तीन गटांत विभागलं होतं. ज्यांना क्राफ्ट शिकवलं त्यांच्यापैकी ६४ टक्के जणांची माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून घेरून समज द्यायच्या पद्धतीने ३० टक्के आली. आणि घरच्यांना अल-अनॉन या आधारगटाकडे वळवणाऱ्या पद्धतीने १३ टक्के. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: तिन्ही गटांतल्या कुटुंबीयांची स्वतःची स्थिती सुधारली, आणि ती साधारण सारखीच. त्यांचा माणूस उपचाराला आला की नाही, यावर सगळं ठरलं नाही.

मदत करणं आणि पांघरूण घालणं यात फरक कसा करायचा?

स्वतःला विचारा: मी आत्ता जे करतेय त्याने माणूस वाचतोय, की त्याचं पिणं वाचतंय?

कामावर फोन करून "ताप आलाय" सांगणं, उधारी गुपचूप फेडणं, रात्रीची उलटी पुसून सकाळी काही घडलंच नाही असं वागणं, नातेवाइकांपुढे बाजू सावरणं. यातलं प्रत्येक काम आपण प्रेमापोटी आणि भीतीपोटी करतो. पण त्यामुळे पिण्याचे चटके त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेत आपणच ते झेलतो. सोप्या ठिकाणापासून सुरुवात करा. पुढच्या वेळी त्याचा फोन त्यालाच करू द्या.

काही अपवाद पक्के ठेवा. तो पिऊन गाडी चालवणार असेल, जिवाला धोका असेल किंवा मुलांची सुरक्षितता पणाला लागत असेल, तर "भोगू दे परिणाम" म्हणायचं नाही. आणि "तुम्हीच लाडावून ठेवलंत" असं घरच्यांना सुनावणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याची नोकरी गेली तर भाडं कोण भरणार, या धास्तीने बाई खोटा फोन करते, तेव्हा ती स्वतःला आणि मुलांना वाचवत असते. ज्या गोष्टीतून हात काढल्यावर तुम्हीही बुडाल, तिथून आधी स्वतःची सोय करा आणि मग हात काढा.

मर्यादा ठरवताना तुम्ही काय करणार ते सांगा. "पुन्हा प्यायलास तर बघ" या धमकीला अर्थ उरलेला नसतो. "तू पिऊन आलास तर त्या रात्री मी आणि मुलं दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू" ही मर्यादा झाली, कारण ती पाळणं तुमच्या हातात आहे. जे पाळता येणार नाही ते बोलू नका. एकदा बोलून मागे हटलं की पुढच्या वेळी तुमचा शब्द हलका होतो.

बाटल्या शोधून ओतून टाकू का?

टाकलीत तर तो दुसरी आणेल आणि पुढची आणखी चांगली लपवेल. तुमचा दिवस मात्र कपाटं हुंगण्यात जाईल. त्याला खरंच सोडायची असेल आणि त्याने स्वतः सांगितलं असेल, तर दोघांनी मिळून घर मोकळं करा. रोज पिणारा असेल तर अचानक दारू तोडण्याचा धोका वर सांगितला आहेच.

पैशांचं काय करू?

तुमची कमाई वेगळ्या खात्यात ठेवा, पासवर्ड बदला. त्याच्या कर्जाला जामीन राहू नका, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. तो रोख पैसे मागत असेल तर गरजेची वस्तू द्या किंवा बिल थेट भरा. याला कंजूषपणा म्हणणारे म्हणू देत.

मुलांना काय सांगायचं? त्यांना काही कळत नाही असं वाटतं.

त्यांना सगळं कळतं. किल्ली कुलपात कशी फिरते यावरून आज बाबा पिऊन आलेत का, हे सहा वर्षांचं मूलही ओळखतं. त्याला कळत नाही ते यामागचं कारण, आणि मग ते कारण स्वतःमध्ये शोधतं: माझे मार्क कमी पडले, मी हट्ट केला, म्हणून आई पिते.

वयाला पेलेल अशा शब्दांत खरं सांगा. "आईला दारूचा आजार आहे. त्यामुळे ती कधी कधी विचित्र वागते. हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि ते बरं करणं तुझं काम नाही. तू माझ्याशी याबद्दल कधीही बोलू शकतोस." हे एकदा सांगून भागत नाही, वेगवेगळ्या निमित्ताने सांगत राहावं लागतं. "बाहेर कुणाला सांगू नकोस" असं मात्र म्हणू नका. गुपित सांभाळायचं ओझं लहान खांद्यांवर फार पडतं. एखादी आत्या, मामा, शिक्षक असं एक खात्रीचं माणूस मुलाला मिळू द्या, ज्याच्याशी ते मोकळेपणी बोलेल.

मुलाला हेर करू नका ("बाबा कुठे ठेवतात बघून ये"). निरोप्याही करू नका. आणि घरातल्या शहाण्या, समजूतदार मुलाकडे जास्त लक्ष द्या. जे मूल धाकट्यांचे डबे भरतं, आईला धीर देतं, कधी तक्रार करत नाही, ते सगळ्यात जास्त दमलेलं असू शकतं. त्याला खेळायला पाठवा. जेवणाची, झोपेची, गोष्टीची वेळ शक्य तितकी ठरलेली ठेवा. घरात एक गोष्ट जरी रोज ठरल्याप्रमाणे घडली तरी मुलाला तिचा आधार वाटतो.

तो पिऊन मारतो. शुद्धीवर आला की पाया पडतो.

इथे आधी तुमची सुरक्षितता, व्यसनाचा विचार नंतर. खूप पिणारी कितीतरी माणसं कधीच हात उगारत नाहीत, त्यामुळे दारू हे मारण्याचं स्पष्टीकरण ठरत नाही. दारू सुटली की मारणं आपोआप सुटेल, असंही धरून चालू नका. मारहाण होत असेल तिथे वर सांगितलेले बोलण्याचे आणि मर्यादांचे सल्ले एकटीने वापरून बघू नका. आधी स्त्रियांना मदत करणाऱ्या संस्थेशी, पोलिसांशी किंवा वकिलाशी बोला.

तयारी शांत दिवशी करून ठेवा. ओळखपत्रं, बँकेची आणि मुलांची कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं, जादा किल्ली एका ठिकाणी किंवा विश्वासू माणसाकडे ठेवा. आवाज आला की मदत बोलवायला एका शेजाऱ्याला सांगून ठेवा. मुलांशी एक खुणेचा शब्द ठरवा. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात जाऊ नका, बाहेर पडायच्या दाराजवळ राहा. मार खाणारे पुरुष आणि म्हातारे आईवडीलही असतात, त्यांनाही हेच लागू आहे.

"मला सोडून गेलात तर जीव देईन," असं म्हणतो.

दर वेळी गंभीरपणे घ्या, कारण दारूने हा धोका खरोखर वाढतो. पण सांभाळायची जबाबदारी एकट्यावर घेऊ नका. डॉक्टर, आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन, तातडीची सेवा यांना कळवा, जवळ विष, औषधांचा साठा, शस्त्र ठेवू नका. या धमकीपोटी तुम्ही तुमची मर्यादा मागे घ्यायची की नाही, हा वेगळा निर्णय आहे. तो शांतपणे आणि समुपदेशकाशी बोलून घ्या.

मलाच काहीतरी होतंय. झोप नाही, सतत चिडचिड, कुठे जावंसं वाटत नाही. आणि रागाची तर भीतीच वाटते.

हे होणारच. वर्षानुवर्षं तुमचं शरीर पहाऱ्यावर आहे. जिन्यावरच्या पावलांचा अंदाज, फोन लागला नाही की पोटात गोळा, पार्टीत त्याच्या हातातल्या ग्लासवर नजर. अशा ताणातून निद्रानाश, रक्तदाब, डोकेदुखी, पित्त, नैराश्य येऊ शकतं. स्वतःच्या डॉक्टरकडे जा आणि कारण स्पष्ट सांगा. "थोडं टेन्शन आहे" एवढ्यावर थांबू नका, नाहीतर ते पित्ताची गोळी देऊन पाठवतील.

रागाबद्दल: ज्याच्यावर जीव आहे त्याचा तिरस्कार वाटणं, एखाद्या रात्री "हा परत नाही आला तरी बरं" असा विचार येणं, आणि मग स्वतःची किळस येणं. जवळपास प्रत्येकाला यातून जावं लागतं, बोलत मात्र कुणी नाही. असा विचार आल्याने तुम्ही वाईट ठरत नाही. तो लिहून काढा, गटात किंवा समुपदेशकापुढे बोला. मुलांवर निघू देऊ नका.

दुःखाबद्दलही. माणूस समोर बसलेलं असतं आणि तरी हरवलेलं असतं. कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा धूसर वियोगावर काम केलं आहे. मृत्यूनंतर लोक सांत्वनाला येतात, रडायला जागा मिळते. या वियोगात तसं काही मिळत नाही, म्हणून तो साचत राहतो. पूर्वीच्या त्याच्यासाठी रडू येत असेल तर येऊ द्या.

आणि मग छोट्या गोष्टी, ज्यांना आपण हसून टाळतो. बंद पडलेली भिशी, सोडून दिलेली गाण्याची शिकवणी, मैत्रिणीचा न उचललेला फोन, यातली एक या आठवड्यात परत सुरू करा. त्याची अवस्था कशीही असो, ठरलेल्या वेळी निघा. पहिल्यांदा अपराधी वाटेल. ते वाटत असतानाच जा.

अल-अनॉन म्हणजे काय? तिथे जाऊन काय होतं?

पिणाऱ्यांसाठीची अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केली. बिलची दारू सुटली आणि त्याची बायको लोइस सुखी व्हायला हवी होती. झालं उलटंच. एके दिवशी तो सभेला निघण्याची घाई करू लागला, तर तिने चिडून त्याला बूट फेकून मारला. आपण कशाला एवढे संतापलो, याचा विचार करताना तिला जाणवलं की इतकी वर्षं आपण फक्त त्याच्या दारूभोवती जगलो. आता ती गेली, तर आपल्याकडे काही उरलंच नाही. पुढे अशा कुटुंबीयांचे गट एकत्र बांधून तिने १९५१ मध्ये अल-अनॉन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. किशोरवयीन मुलांसाठीचे अल-अटीन गट १९५७ पासून आहेत.

आज १०० हून अधिक देशांत आणि ऑनलाइनही या सभा होतात. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही, बोललं नाही तरी चालतं. कुणी सल्ला देत नाही, लोक आपापलं सांगतात. त्यांच्या भाषेत अध्यात्माचा सूर आहे, तो प्रत्येकाला रुचेल असं नाही. नाही रुचला तर व्यसनमुक्ती केंद्रांतले कुटुंबीयांचे गट किंवा खासगी समुपदेशन बघा. एका सभेवरून मत बनवू नका. गटागटांत फार फरक असतो.

आता ती पीत नाही. मग घरात मोकळं का वाटत नाही?

लोइसला वाटलं नाही, तसंच. सुरुवातीचे कित्येक आठवडे, कधी काही महिने, दारू सोडलेल्या माणसाची झोप विस्कटलेली असते, चिडचिड होते, कशातच रस वाटत नाही. मेंदू पूर्ववत व्हायला वेळ घेतो. इकडे तुम्ही तिच्या तोंडाचा वास घेत फिरता. तिला घरखर्च, मुलांचा अभ्यास पुन्हा हातात हवा असतो आणि तुम्हाला तो द्यायचा धीर होत नाही.

विश्वास मागून मिळत नाही आणि ठरवून देताही येत नाही. एकेक जबाबदारी परत द्या आणि बघा. "आता तरी विसर मागचं" असं ती म्हणाली तर तुम्ही म्हणू शकता, "विसरायला मला वेळ लागेल, तुझे प्रयत्न मात्र मला दिसतात." क्षमा करण्याची घाई तुमच्यावर कुणी लादू नये.

इतके महिने बंद होती आणि परत प्यायला. सगळं वाया गेलं का?

नाही. व्यसनाच्या आजारांत उपचारांनंतर ४० ते ६० टक्के जणांची पुन्हा घसरण होते, असा अंदाज अमेरिकेची राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्था देते. याचा अर्थ उपचार बदलायला किंवा पुन्हा सुरू करायला हवेत. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा केंद्राला कळवा. एक दिवस घसरलेला माणूस "आता काय, गेलंच सगळं" म्हणत महिनाभर पीत बसतो, ते टाळायचं असतं. तुम्ही तुमची ठरवलेली मर्यादा पाळा, सभेला जा, झोपा. त्याची घसरण ही तुमची घसरण असलीच पाहिजे असं नाही.

नातं तोडावं का?

हे दुसऱ्या कुणी सांगू नये. मी एवढंच म्हणेन: भांडणाच्या रात्री ठरवू नका, आणि "एवढं सोसलं तर आणखी थोडं" या हिशेबानेही ठरवू नका. समजा पुढची पाच वर्षं तो असाच राहिला, तर तुम्हाला आणि मुलांना ते चालणार आहे का? याचं उत्तर खरेपणाने शोधा. राहणाऱ्याला दुबळं आणि जाणाऱ्याला निर्दय ठरवणारे पुष्कळ भेटतील. काही जण वेगळं राहून प्रेम ठेवतात, तेही चालतं.

मी पिणाऱ्या वडिलांच्या घरात वाढले. आता माझं लग्न झालंय, तरी कुणाचा आवाज चढला की मी गोठते. आणि मीही व्यसनी होईन का?

आनुवंशिकतेने धोका वाढतो, निकाल ठरत नाही. पिणाऱ्या पालकांची निम्म्याहून अधिक मुलं व्यसनी होत नाहीत. शक्यतो पिऊच नका. पीत असाल तर ताण घालवायला पिण्यापासून तरी जपा. गोठणं, सगळ्यांची मर्जी सांभाळणं, आनंदाच्या क्षणीही काहीतरी बिघडणार असं वाटत राहणं, हे त्या घरात टिकून राहायला तुम्ही लहानपणी शिकलात. तेव्हा ते उपयोगाचं होतं. मानसोपचारांत ते हळूहळू सुटतं. अशा प्रौढ मुलांचे वेगळे गटही आहेत.

तो येणार नसेल तर समुपदेशकाकडे मी एकटीने गेलं तर चालेल का?

चालेल. बहुतेक घरांत सुरुवात अशीच होते. समुपदेशक तुमच्याकडून माहिती घेऊ शकतात. त्याच्यावर आधीच उपचार चालू असतील तर त्याच्या संमतीशिवाय त्याबद्दल ते तुम्हाला सांगू शकणार नाहीत, हे धरून चला. जाताना लिहून न्या: काय आणि साधारण किती पितो, किती वर्षं, बंद केल्यावर कधी फिट किंवा भ्रम झालाय का, इतर आजार आणि औषधं, आधीचे उपचार. खाली स्वतःबद्दलही लिहा: झोप, भूक, रक्तदाब, मुलांचं कसं चाललंय, घरात भीती वाटते का. दोन-तीन भेटींनंतर सूर जुळत नाही असं वाटलं तर दुसरा समुपदेशक शोधा.